पांढऱ्या हरणाची बाग

आमच्या कॉलनीत अजून चार-पाच बायका अशा आहेत, ज्यांना वाटतं की लंडनमध्ये बागांना जनावरांची नावं असतात. लाल सिंहाची बाग, काळ्या घोड्याची बाग, पांढऱ्या हरणाची बाग. हे त्यांना माझ्या सासूबाईंनी सांगितलं. सासूबाईंना मी सांगितलं. आणि मी धडधडीत खोटं बोलले, कारण त्या बागा नव्हत्याच. ते पब होते.

हसू येतं ना? आम्हालाही यायचं. मी आणि माझा नवरा, दोघं तिकडे फोन ठेवला की पोट धरून हसायचो. आता तो नाही. गेल्या माघात, लंडनच्या ऑफिसच्या जिन्यात, दुपारचं जेवून वर चढताना तो पायरीवर बसला तो उठलाच नाही. एकेचाळीस वर्षांचा होता, साधी रक्तदाबाची गोळीसुद्धा नव्हती. मी त्याला एका डब्यात घालून नाशिकला परत आणलं, रामकुंडात सोडलं, आणि तेव्हापासून अंबडजवळच्या या घरात सासूबाईंबरोबर राहते. माझं माहेर गंगापूर रोडला, रिक्षानं अर्ध्या तासावर. आई-बाबा रोज म्हणतात, ये गं इकडे. मी गेले नाही, कारण इथं माझं एक काम राहिलं होतं. त्याला त्याच्या आईला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती मी सांगू दिली नव्हती.

ती गोष्ट कळायला आधी सासऱ्यांचं सांगायला हवं. ते अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते. हातात कला होती म्हणतात. पण पगार झाला की माणूस घरी येण्याऐवजी कोपऱ्यावरच्या देशी दारूच्या दुकानात. सासूबाई लेकाचा हात धरून तिथं जायच्या आणि नवऱ्याला उठवून आणायच्या. घरी आल्यावर काय व्हायचं ते माझ्या नवऱ्यानं मला लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितलं, तेही पाठ करून झोपलेला असताना. तो दहावीत असताना सासरे गेले. तेराव्याला सगळे जेवून उठल्यावर सासूबाईंनी पोराचा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला आणि म्हणाल्या, ‘माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. थेंबाला शिवशील तर मी मेले समज.’

शपथ म्हणजे आपल्याकडे काय असते, ते आपल्याला माहीत आहे. लहानपणी आम्ही मैत्रिणी दिवसाला दहा शपथा घालायचो. ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची. ‘सुटली’ म्हणायचं की संपलं. पण सासूबाईंची शपथ म्हणजे पोरखेळ नव्हता. त्यांचं माहेर विंचूरकडचं. भावांची द्राक्षं वाइनच्या कारखान्याला जातात, म्हणून या बाईंनी दोन वर्षं माहेरची द्राक्षं तोंडात घातली नाहीत. आता बोला!

मी मात्र वेगळ्या घरातली. आमच्याकडे बाबा शनिवारी हॉलमध्ये बसून एखादा पेग घ्यायचे, आई त्यांना शेंगदाणे तळून द्यायची आणि दहाला सगळे गुडूप. दारूला घाबरायचं असतं हे मला सासरी येऊन कळलं. त्यात मी तोंडाची फटकळ. सासूबाई आणि मी पहिल्या वर्षातच एकमेकींना ओळखून होतो. काही वाकडं झालं की त्या म्हणायच्या, ‘हे तुमच्या गंगापूर रोडचं दिसतंय.’ भाजीत साखर पडली तरी गंगापूर रोड, नवरा उशिरा उठला तरी गंगापूर रोड.

नवऱ्याच्या कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी लंडनला पाठवलं, तेव्हा आम्ही दोघं चाळिशीला टेकलेलो. मूलबाळ नव्हतं, पुढे होईल अशी आशाही सोडून दिली होती. मी शाळेतली नोकरी सोडली. पहिले दोन महिने नुसती खिडकीत बसून रडायचे. घर एवढंसं, बाहेर चार वाजता अंधार, आणि शेजारचा माणूस आठ-आठ दिवस दिसायचा नाही. एका रविवारी नवऱ्यानं फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्याच्या त्या इंजिनिअरच्या ठसठशीत अक्षरात तीन रकाने: बाग, बघण्यासारखं, बसण्यासारखं. म्हणाला, ‘उठ. इथं राहायचंय तर हे गाव आपलं करून घ्यायचं. दर रविवारी तिन्हीतलं एकेक.’

आणि खरंच आम्ही ते गाव पालथं घातलं. नदीकाठचा तो अवाढव्य पाळणा बघून हा म्हणाला, ‘कसला पाळणा हा? कुणी किंचाळत नाही की कुणाची चप्पल खाली पडत नाही.’ एका संग्रहालयात आपल्याकडची एक देवीची मूर्ती काचेच्या पेटीत उभी होती. मी आपली सवयीनं चपला काढायला वाकले, तर पहारेकरी बाई धावत आल्या, बरं वाटत नाहीये का म्हणून विचारायला. त्या देवीकडे बघून मला भडभडून आलं. कुंकू नाही, फूल नाही, दिवसभर लोक येऊन नुसते वाचून जातात. तिथं तीही एकटी आणि मीही एकटी, असं काहीतरी वाटलं.

बागा मात्र मला मनापासून आवडल्या. आपल्याकडे हिरवळीवर पाय ठेवला की वॉचमन शिट्टी मारतो. तिथं लोक खुशाल गवतावर लोळत असतात. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी बूट-मोजे काढले आणि थंडीत अनवाणी चालत सुटला. नाक लाल झालं, तरी ऐकेना. एका बागेत खार येऊन त्याच्या हातातला शेंगदाणा घेऊन गेली, तर तो आठवडाभर ऑफिसात तेच सांगत होता. इतका साधा माणूस होता हो तो.

‘बसण्यासारखं’ या रकान्यात त्यानं आधी कॉफीची दुकानं लिहिली होती. पण एका रविवारी पावसानं गाठलं आणि आम्ही समोर दिसेल त्या दारात शिरलो. आत लाकडी बाकं, जुनाट गालिचा, शेकोटीपाशी पसरलेला एक म्हातारा कुत्रा. बाहेरच्या पाटीवर पांढरं हरीण. हा दारातच थबकला. ‘पब आहे गं,’ म्हणाला, जसं काही आम्ही स्मशानात शिरलो होतो. मी म्हटलं, ‘डोंबलाचा पब! ती बघ, आजीबाई कोडं सोडवत बसल्यात. लिंबाचं सरबत मागव आणि बस गुमान.’

आमच्या शेजारच्या बाकावर एक माणूस होता, गवंडीकाम करणारा असावा, बुटांना चुना लागलेला. त्याच्यासमोर बिअरचा मोठा ग्लास. आणि त्याला टेकून पाच-सहा वर्षांची एक मुलगी खडूनं चित्र रंगवत होती. माझा नवरा सरबत सोडून त्या दोघांकडेच बघत बसला. माणसानं ग्लास संपवून दुसरा आणला, तेव्हा हा माझ्या कानात म्हणाला, ‘आता बघ.’ मी म्हटलं, काय बघू? त्याचा हात टेबलाखाली घट्ट आवळलेला होता. तासभर गेला. माणसानं तिसरा आणला. मुलीनं चित्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते नीट बघितलं, घोड्याला शेपूट काढायची राहिली असं काहीतरी म्हणाला, तिनं ती काढली. मग त्यानं तिचं नाक पुसलं, तिला कोट घातला, गुंड्या लावल्या आणि दोघं हात धरून बाहेर गेले. बस. एवढंच झालं.

नवरा रडायला लागला. भर पबमध्ये, मान खाली घालून, खांदे हलवत. मी घाबरले. त्या कोडंवाल्या आजीबाईंनी मला हातरुमाल आणून दिला. मान वर करून तो म्हणाला, ‘ती घाबरली नाही गं. बाप पितोय, आणि पोरगी घाबरत नाही. असं असू शकतं हे मला माहीतच नव्हतं.’ आणि मग उठून गेला आणि स्वतःसाठी अर्धा ग्लास घेऊन आला. आयुष्यातला पहिला. तो अर्धा ग्लास त्यानं तासभर पुरवला. पुढेही तो कधी अर्ध्याच्या वर गेला नाही, आणि तासाच्या आत कधी संपवला नाही. मी त्याला चिडवायचे, अरे औषध घेतोयस की काय.

त्या दिवशी घरी पोचतो न पोचतो तोच सासूबाईंचा फोन. ‘कुठं गेला व्हतास रे? कवाधरनं लावतेय.’ याला खोटं बोलता येत नाही. तो अं-अं करायला लागला. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, ‘आई, बागेत गेलो होतो.’ कुठल्या, म्हणाल्या. माझ्या खिशात त्या पबमधला ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा होता, हौसेनं उचलून आणलेला. त्यावर बघून मी सांगून टाकलं, ‘पांढऱ्या हरणाच्या.’ ‘अगं बाई, हरणं हायेत का तिथं?’ ‘आहेत की, लय आहेत!’

झालं, सुरुवात झाली. मग लाल सिंह झाला, काळा घोडा झाला, एकदा तर ‘राजाच्या डोक्याची’ बाग झाली. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘असलं कसलं नाव मेलं!’ शेवया करायला बायका जमल्या की सासूबाई त्यांना लेकाच्या बागा सांगायच्या. ‘माझा ल्योक बापावर नाय गेला. सुट्टी असली की बायकोला घेऊन बागेत जातो.’ हे फोनवर ऐकलं की माझं हसू कमी कमी व्हायला लागलं, आणि नवऱ्याचं तर पारच बंद झालं.

तो म्हणायला लागला, आईला सांगायचं. मी म्हणायचे, कशाला? कुणाचं काय बिघडतंय? तो म्हणायचा, ‘बिघडत नाही, पण मला तिच्याकडून सुटली म्हणून घ्यायचंय. पिण्यासाठी नाही गं. तिला त्या पोरीचं सांगायचंय. तिलाही माहीत नसेल असं असतं म्हणून.’

दिवाळीला आम्ही नाशिकला यायचं ठरलं. विमानात तो मला म्हणाला, ‘या वेळी सांगतो.’ आणि माझं डोकंच फिरलं. मला ठाऊक होतं काय होणार. सासूबाई लेकाला बोलणार नाहीत. त्या माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, गंगापूर रोडवालीनं शिकवलं माझ्या पोराला. आणि ते मला आयुष्यभर ऐकावं लागणार. खरं सांगायचं तर माझ्या मनात एवढंच होतं. सण, म्हातारं माणूस, घरातली शांती, हे सगळं मी वरून लावलं. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, ‘माझी शपथ आहे तुला, आईंना सांगितलंस तर.’

तो म्हणाला, ‘तूही?’

पाडव्याच्या दुपारी सासूबाई आणि तो स्वयंपाकघरात बसले होते. मी ओट्यापाशी. तो म्हणाला, ‘आई, तुला एक सांगायचंय.’ मी वळून बघितलं. त्यानंही माझ्याकडे बघितलं. मग ताटातला अनारसा उचलून म्हणाला, ‘या वेळी अनारसे झकास जमलेत.’ तीन महिन्यांनी तो गेला. आईची शपथ मोडली म्हणून झुरत होता, आणि माझी मात्र त्यानं पाळली.

त्या जिन्याबद्दल मला डॉक्टरांनी नीट समजावलंय, हृदयाचं जुनं काहीतरी होतं, कुणाला कळलं नसतं. मला पटतं. पण दुपारी भांडी घासताना मधेच मनात येतं की दोन बायकांनी दोन बाजूंनी बांधलेला माणूस होता तो. मग मी नळ बंद करून नुसती उभी राहते.

यंदा पितृपक्षात भरणी श्राद्ध आलं. त्याचं पहिलं. विंचूरहून मामा आले होते, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. दुसरं पुरुषमाणूस नाही म्हणून पाणी त्यांनीच सोडलं. सासूबाई पहाटेपासून राबत होत्या. खीर, कढी, वडे, गवार, भोपळा, आणि त्याला आवडतात म्हणून अवेळी अनारसे. बारा वाजता गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं आणि आम्ही तिघं जिन्याच्या दाराशी येऊन उभे राहिलो.

कावळा येईना. मामा म्हणाले, ‘आक्का, शहरात कावळे राह्यलेत कुठं आता?’ सासूबाई म्हणाल्या, ‘सकाळी तारेवर रांग व्हती. मी पाह्यली.’ अर्धा तास गेला. खिरीवर साय धरली. सासूबाई हात जोडून पुढे झाल्या आणि बोलायला लागल्या. ‘लेका, ये रे. काय राह्यलं तुझं? गच्ची गळती, ती नीट करून घेते. हिला लेकीसारखी ठेवते. हिनं दुसरं लगीन केलं तरी मी नाय म्हननार नाय. ये बाबा.’

‘आई, पुरे करा!’ मी ओरडलेच.

त्या वळल्या. डोळे लाल, पण आवाज शांत. ‘मंग तू सांग. तीन वर्सं तुझ्यासंगं परमुलखात व्हता. त्याचं कशात अडकलंय, तुला ठाव आसंल.’

आणि मी सांगितलं. कसं, ते मलाही आठवत नाही. पहिलं वाक्य आठवतं: ‘बागा नव्हत्या त्या, आई.’ मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सासूबाई कठड्याला टेकल्या.

‘प्यायचा?’

‘अर्धा ग्लास बिअर. आठवड्यातून एकदा.’

‘तुला मारायचा?’

‘नाही हो आई! काय बोलताय? कधीच नाही.’

‘मंग पिऊन करायचा काय?’

हे त्यांनी अगदी खरेपणानं विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, पिऊन माणूस आणखी काय करतो ते. मी म्हटलं, ‘बसायचा. गप्पा मारायचा. लोकांची लेकरं बघायचा.’ आणि मग मी त्यांना ते सगळं सांगितलं. चुना लागलेले बूट, खडू, घोड्याची शेपूट, कोटाच्या गुंड्या. तो कसा रडला ते. ‘ती घाबरली नाही’ असं तो म्हणाला ते.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता सुरू होणार, गंगापूर रोड. पण त्या पदर खोचून म्हणाल्या, ‘चल माझ्यासंगं.’ मामांनी विचारलं, कुठं? ‘त्याच्या पानात राह्यलंय ते आनायला.’

‘आक्का, डोकं फिरलं का तुझं? आज पित्र, आणि लोक काय म्हनतील?’

‘लोकांनी माझ्या नवऱ्याला गटारातून उचलताना पाह्यलंय. आता काय नवीन बघनार हायेत?’

आम्ही दोघी भर उन्हात कोपऱ्यावर गेलो. ते जुनं देशीचं दुकान आता राहिलेलं नाही. तिथं काचेच्या दाराची बिअर शॉपी झालीय. पण पायऱ्या त्याच आहेत. सासूबाई पहिल्या पायरीशी थांबल्या. ‘हितं उभं करायची मी त्याला,’ म्हणाल्या. ‘म्हनायची, डोळे मिटून घे, मी बाबाला घेऊन येते.’ मग चढून आत गेल्या. काउंटरवरच्या माणसानं आधी मला बघितलं, मग त्यांना. ‘आजी, काय पायजे?’ ‘बिअर. एक.’ ‘स्ट्राँग का माईल्ड?’ सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘कसली प्यायचा गं?’ मी म्हटलं, ‘माईल्ड.’ तो माणूस फ्रिजकडे वळला, तर मी म्हटलं, ‘थंड नको. तिकडं तो कमी गारच प्यायचा.’

गच्चीवर येऊन मी बाटली उघडली. सासूबाईंनी त्याचा स्टीलचा पेला पुढे धरला. त्याचं नाव घातलेला, शाळेत असताना बक्षीस मिळालेला. मी ओतायला लागले आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांनीच हात धरला. पेल्यात वाकून बघितलं. ‘एवढंच?’ म्हणाल्या. ‘हो, एवढंच.’ ‘एवढ्यासाठी हरणं आन् घोडे केले व्हय गं तुम्ही?’

पेला पानाशेजारी ठेवून त्यांनी विचारलं, ‘मला का नाय सांगितलं त्यानं?’

इथं मी गप्प राहू शकले असते. घाबरला, म्हणू शकले असते. पण याच एका कामासाठी मी सात महिने या घरात थांबले होते. मी म्हटलं, ‘सांगणार होता. दिवाळीत. मी त्याला माझी शपथ घातली. तुम्ही मला बोल लावाल म्हणून.’

‘अनारशांचं म्हनला, तवा?’

‘हो.’

‘मला वाटलंच. माझे अनारसे त्या वर्साला बिघडले व्हते. तुपात हसून विरले व्हते सगळे. मी म्हनलं, ह्यो असं का म्हनतोय?’ त्या कठड्यापाशी खाली बसल्या. ‘येडी गं येडी. काय केलंस हे? त्यानं मागितलं असतं तर मी लगेच सुटली म्हनले असते. एका शब्दाचं काम व्हतं.’

म्हणाल्या असत्या का? मला माहीत नाही. कदाचित दोन दिवस जेवल्या नसत्या, सगळी कॉलनी डोक्यावर घेतली असती, मला नाही नाही ते बोलल्या असत्या. पण तिसऱ्या दिवशी म्हणाल्याच असत्या. आणि तो तिसरा दिवस त्याला मिळाला असता. हे मी त्याच्याकडून काढून घेतलं. त्यासाठी मला कुणी काही बोललं तरी ते कमीच आहे.

सासूबाई पानाकडे तोंड करून म्हणाल्या, ‘सुटली रे पोरा. शपथ सुटली. सुटली.’ तीनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तू बी म्हन. तू बी बांधलं व्हतंस त्याला.’

फटकळ म्हणून अख्ख्या नात्यागोत्यात माझी ख्याती, आणि मला एक शब्द येईना. सासूबाईंनी माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. हात सोडला नाही. मामा गुपचूप जिना उतरून खाली गेले. मग मी म्हटलं, ‘सुटली.’ मोठ्यानं म्हटलं. आणि मग मी जी रडले, ती तो गेल्यापासून पहिल्यांदा, त्याच्या आईच्या मांडीवर डोकं टाकून. त्या माझ्या केसांतून हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

पानाला पाठ करून बसलं की कावळा येतो म्हणतात. आम्ही पानाकडे पाठ फिरवून बसून राहिलो. ऊन कलायला लागलं, खालून मामांनी दोनदा हाक मारली, त्यांना विंचूरची गाडी पकडायची होती. मी डोळे पुसून म्हटलं, ‘आई, पान उचलू का आता? खूप वेळ झाला.’

‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘अर्ध्या ग्लासाला तास लागायचा त्याला. सावकाश पिऊ दे.’